टाकाऊ नैसर्गिक वस्तूंपासून वाहनाच्या धुरासाठी गाळणी: नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

करवंटीचा कोळसा, काथ्या, सावरीचा कापूस, अंड्याची टरफलं, तूस आणि लाकडाचा भुसा. एवढ्या वस्तूंतून इंजिनाच्या धुरातली काजळी आणि वास बऱ्यापैकी अडवणारी गाळणी तयार होते, आणि तिचा परिणाम मोजूनही दाखवता येतो. मात्र ती चालत्या गाडीच्या सायलेन्सरला बांधायची वस्तू नव्हे. का नव्हे, याचं उत्तर पुढच्या आकड्यांतून मिळेल. इथे दिलेली मांडणी प्रयोगाची आहे: उभ्या इंजिनाच्या धुरातला थोडासा भाग बाजूला ओढायचा, थंड करायचा, थरांतून न्यायचा आणि काय अडलं ते तपासायचं.

सुरू करण्याआधी एक धोका

कोळसा वास खातो, कार्बन मोनॉक्साइड खात नाही. हा वायू तसाही बिनवासाचा आणि बिनरंगाचा. एरवी धूर कोंडला की वासाने, डोळ्यांच्या चुरचुरीने आपण सावध होतो. चांगल्या कोळशातून गेलेला धूर जवळजवळ स्वच्छ हवेसारखा वाटतो आणि विष तेवढंच असतं. जुन्या लहान पेट्रोल इंजिनाच्या धुरात हा वायू टक्क्यांच्या घरात असू शकतो, आणि एक टक्का म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग. एवढ्या प्रमाणात तो काही मिनिटांत जीव घेतो. म्हणून इंजिन कायम उघड्यावर ठेवा, पंपातून बाहेर पडणारी नळी वाऱ्याच्या दिशेने माणसांपासून दूर न्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कामाच्या जागी ठेवा. शटर अर्धं उघडं ठेवलेलं गॅरेज म्हणजे उघडी जागा नव्हे.

कोणती वस्तू काय अडवते

करवंटीचा कोळसा बेंझिन आणि टोल्यूइनसारखे हायड्रोकार्बन धरतो. उग्र वास येतो तो बराचसा यांचाच. नायट्रिक ऑक्साइड त्यातून जवळजवळ तसाच निघून जातो. नायट्रोजन डायऑक्साइड कोळशावर अडतो खरा, पण त्याचा काही भाग नायट्रिक ऑक्साइड होऊन पुन्हा बाहेर पडतो.

काजळी अडवायला तंतू लागतात. डिझेलच्या काजळीचे पुंजके साधारण ०.१ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतात, तर काथ्याचा तंतू शंभर मायक्रॉनहून जाड. चाळणीत खडे अडकतात तशी ही काजळी अडकत नाही. कण इतके हलके असतात की वायूच्या रेणूंच्या धक्क्यांनी ते इकडेतिकडे भरकटतात आणि एखाद्या तंतूला लागले की तिथेच चिकटतात. तंतू जितका बारीक आणि वायूचा वेग जितका कमी, तितके जास्त कण सापडतात. म्हणून काथ्या हा फक्त पहिला थर. त्याचं काम पाण्याचे थेंब आणि काजळीचे मोठे गोळे अडवणं. बारीक काजळीसाठी सावरीचा कापूस हवा. त्याचा तंतू वीसेक मायक्रॉनचा, वरून मेणचट असल्याने पाणी धरत नाही आणि तेल मात्र शोषतो. ओल्या, तेलकट धुरासाठी याहून सोयीचा तंतू मिळणं कठीण. तो नसेल तर सूतगिरणीतला वाया गेलेला कापूस चालतो, फक्त तो लवकर ओला होऊन दबतो.

अंड्याच्या टरफलात चौऱ्याण्णव-पंच्याण्णव टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं. ते भाजून चुना केला की सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांसारखे आम्लधर्मी वायू त्यात अडतात. याच्या मर्यादेबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे, कारण नवशिक्यांची सर्वांत मोठी फसगत इथेच होते.

सामान

लहान फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन किंवा लहान डिझेल इंजिन. काजळी पाहायची तर डिझेल, वास आणि वायू पाहायचे तर पेट्रोल. टू-स्ट्रोक टाळा, त्याच्या तेलकट धुक्याने कापसाचा थर लवकर तुंबतो.

६ मिलिमीटर आतल्या व्यासाची तांब्याची नळी, ३ मीटर. दहा लिटरची बादली. पाणी साठायला दोन तोंडांचं बूच असलेली काचेची बाटली. ५० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपाचे तीन-चार तुकडे, प्रत्येकी २० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना झाकणं. स्टीलची बारीक जाळी. सिलिकॉनची नळी (साधी प्लास्टिकची नळी धुराने मऊ पडते आणि स्वतःचाच वास सोडते). मिनिटाला १ ते १० लिटर दाखवणारा फ्लो मीटर, झडपेसह. लहान डायफ्राम पंप. पांढऱ्या गाळण कागदाच्या चकत्या आणि त्या धरायला होल्डर. दोन थर्मामीटर.

पायरी १: करवंटीचा कोळसा

दीड किलो कोरड्या करवंट्या घ्या. काथ्या आणि आतला पापुद्रा खरवडून काढा, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा काठोकाठ भरा, झाकणाला खिळ्याने ३ मिलिमीटरचं एकच भोक पाडा आणि डबा बाहेरून विस्तवात ठेवा. आत हवा शिरता कामा नये, नाहीतर कोळशाऐवजी राख मिळेल.

भोकाकडे लक्ष ठेवा, सगळी खबर तिथूनच मिळते. आधी पांढरी वाफ येते, ते पाणी. मग धूर पिवळसर आणि जड होतो. त्याला ठिणगी लागली की भोकाच्या तोंडाशी ज्योत उभी राहते. ती जळू द्या, त्यात डांबर जळून जातं. ज्योत बारीक होत विझली आणि विस्तव जोरात असूनही पुन्हा पेटेना, की काम झालं. याला डब्याच्या आकारानुसार दीड ते अडीच तास लागतात. आता भोक ओल्या चिकणमातीने लिंपा आणि डबा रात्रभर तसाच राहू द्या. गरम डबा उघडला की आतला कोळसा हवा लागताच फुलतो आणि डोळ्यांदेखत राख होतो. ही चूक बहुतेक सगळे पहिल्या खेपेला करतात.

एक किलो करवंट्यांचा अडीचशे ते तीनशे ग्रॅम कोळसा पडतो. चांगला तुकडा दगडावर टाकला की खणखणतो, मोडला की मोडीवर चकाकी दिसते. तपकिरी झाक दिसली किंवा बोटांना चिकटपणा लागला तर तो कच्चा आहे. कच्चा कोळसा वास घेण्याऐवजी स्वतःचं डांबर सोडतो, त्यामुळे पुन्हा भाजा.

कोळसा फोडून २ ते ४ मिलिमीटरचे दाणे चाळून घ्या. फोडताना अर्ध्याहून जास्त भुगा होतो, म्हणूनच सुरुवातीला दीड किलो करवंट्या घ्यायच्या. भुगा वापरू नका, तो थर घट्ट करतो आणि पुढे कागदावर काजळीसारखाच काळा डाग पाडतो. दाणे अर्धा तास उकळा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि ११० अंशांवर तीन-चार तास वाळवा.

हा साधा कोळसा आहे, ॲक्टिव्हेटेड कार्बन नव्हे. बाजारातल्या करवंटीच्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅमचं आतलं पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या आसपास असतं. ते ८०० ते ९०० अंशांवर वाफ देऊन मिळवतात. घरगुती विस्तवावर ते सुरक्षितपणे जमत नाही. झिंक क्लोराइड किंवा फॉस्फोरिक आम्लाच्या रासायनिक कृती इंटरनेटवर भरपूर आहेत, पण धूर ओढून घेणारी प्रयोगशाळा असल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा तयार दाणेदार कार्बनचा एक स्तंभ तुलनेसाठी ठेवा. आपला कोळसा त्याच्या किती जवळ जातो, हे पाहणं हाच खरा प्रयोग.

पायरी २: तंतूंचे थर

काथ्या पाण्यात भिजवा आणि लालसर रंग येणं थांबेपर्यंत पाणी बदलत राहा. वाळवून, पिंजून ३० ते ३५ ग्रॅम काथ्या एका २० सेंटिमीटरच्या पाइपात भरा. दुसऱ्या पाइपात सावरीचा कापूस पाच-सहा सेंटिमीटर उंचीपर्यंत, हलक्या हाताने. कापूस चेपून बसवला तर पंप धापा टाकतो, आणि सैल सोडला तर मधून वाट पडते. भरून झाल्यावर पाइप उजेडासमोर धरून पाहा. सगळीकडे सारखा अंधूक दिसायला हवा. कुठे प्रकाशाची रेघ दिसली तर धूर नेमका तिथूनच जाणार.

पायरी ३: टरफलांचा चुना, हवा असेल तरच

टरफलं दहा मिनिटं उकळून आतला पापुद्रा काढा, वाळवून १-२ मिलिमीटरची भरड करा. कुंभाराची किंवा विजेची भट्टी मिळत असेल तर ९०० अंशांवर दोन तास भाजा. शंभर ग्रॅम टरफलांचे त्रेपन्न ते छप्पन्न ग्रॅम उरले की कळीचा चुना पूर्ण झाला. वजन जास्त भरलं तर आत कच्चं राहिलं आहे. चष्मा आणि हातमोजे घालून थोडं थोडं पाणी शिंपडत चुना विरवा. तो उकळतो, उडतो आणि डोळ्यात गेला तर कायमची इजा करतो. विरलेला चुना किंचित ओलसरच ठेवा, कारण ठणठणीत कोरडा चुना थंड केलेल्या धुराच्या तापमानाला फारसं काम करत नाही. थोड्या भुशात मिसळून भरा, नाहीतर त्याचे गोळे होतात.

आता हिशेब. ५० ग्रॅम विरलेला चुना जास्तीत जास्त ३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेऊ शकतो. पेट्रोल इंजिनाच्या धुरात हा वायू बारा टक्के धरला आणि मिनिटाला ६ लिटर धूर ओढला, तर मिनिटाला सव्वा ग्रॅमहून जास्त कार्बन डायऑक्साइड येतो. म्हणजे तेवीस मिनिटांत चुना संपला, तोही कागदावर. प्रत्यक्षात दाण्यांची पृष्ठं आधीच झाकली जातात आणि तो त्याहून खूप लवकर थकतो. ज्या आम्लधर्मी वायूंसाठी तो ठेवला, ते धुरात अगदी थोडे असतात आणि कार्बन डायऑक्साइडचा लोंढा त्यांच्या आधी चुना खाऊन टाकतो.

यावर कुणी म्हणेल, मग कार्बन डायऑक्साइडच पकडू. टरफल भाजताना त्यातून जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, बरोबर तेवढाच चुना परत घेतो. भट्टीचं इंधन वेगळंच. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो अडवायला जवळजवळ चार किलो विरलेला चुना लागेल. टरफलांच्या गाळणीने गाडी ‘कार्बनमुक्त’ झाल्याचे दावे या साध्या बेरीज-वजाबाकीत टिकत नाहीत. चुन्याचा थर आम्लधर्मी वायूंचा परिणाम दाखवण्यापुरता, थोड्या वेळासाठी ठेवा.

पायरी ४: जोडणी

क्रम असा: सायलेन्सरमधली नळी, बादलीतलं वेटोळं, पाण्याची बाटली, काथ्या, कापूस, कोळसा, (चुना), कागदाचा होल्डर, फ्लो मीटर, पंप, बाहेरची नळी.

सायलेन्सरमध्ये नळी निदान ३० सेंटिमीटर आत जायला हवी. एकच सिलिंडर असलेल्या इंजिनाचा धूर ठोक्याठोक्याने बाहेर पडतो आणि मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. नळी तोंडाशीच ठेवली तर तुम्ही अर्धी हवाच गाळत बसाल.

तांब्याच्या नळीचं वेटोळं पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवा. मिनिटाला ६ लिटर धूर अर्धा तास गेला तरी बादलीतलं पाणी जेमतेम दीड-दोन अंशांनी तापतं, त्यामुळे बर्फाची गरज नाही. वेटोळ्याला सतत खालच्या दिशेने उतार द्या, मध्ये खोलगट भाग राहिला की तिथे पाणी साठून गुडगुड सुरू होते आणि प्रवाह हेलकावे खातो. पेट्रोलच्या धुरातून अर्ध्या तासात दहा-बारा मिलिलिटर पाणी बाटलीत पडतं. त्यात लिटमस बुडवून पाहा, ते आम्लधर्मी निघतं. हे पाणी पिंपात किंवा झाडांना घालू नका.

कोळशाच्या स्तंभाआधी तापमान ४० अंशांच्या आत हवं. गरम कोळसा वास धरत नाही, उलट आधी धरलेला सोडतो. डिझेलच्या धुरात भरपूर प्राणवायू उरलेला असतो, त्यामुळे धूर न थंड करता कोळशावर सोडला तर कोळसा आतल्या आत धुमसू शकतो. कापूस तर त्याहून आधी पेट घेतो.

कोळशाचा थर १५ सेंटिमीटर, साधारण दीडशे ग्रॅम. पाइप उभा ठेवा, धूर खालून वर जाऊ द्या, म्हणजे उरलेले थेंब खालीच पडतील. भरताना पाइपाला बाहेरून बोटाने टिचक्या मारत राहा, दाणे बसतात. पाइपाचा व्यास दाण्याच्या निदान दहापट असावा हा नियम लक्षात ठेवा. त्याहून अरुंद पाइपात धूर भिंतीलगतच्या मोकळ्या जागेतून सटकतो. मिनिटाला ६ लिटरला धूर या थरात सुमारे तीन सेकंद राहतो, आणि तेवढा वेळ पुरतो.

हाच हिशेब गाडीला लावा. एक लिटरचं पेट्रोल इंजिन मध्यम वेगाला मिनिटाला सहाशे लिटरच्या घरात वायू बाहेर टाकतं, म्हणजे आपल्या प्रवाहाच्या शंभरपट. तेच तीन सेकंद मिळवायला तीस लिटरचा डबा आणि पंधरा किलो कोळसा लागेल, शिवाय तो सगळा धूर आधी ४० अंशांपर्यंत थंड करायला हवा. डबा लहान केला तर धूर अडून मागे दाब वाढतो. सिलिंडरमधला जळलेला वायू पूर्ण बाहेर पडत नाही, इंजिन गरम होतं, इंधन जास्त खातं आणि धूर वाढतो. सायलेन्सरला करवंटीचा डबा बांधायचा नाही तो यासाठी. रस्त्यावरच्या गाडीच्या धुराच्या मार्गात असा बदल करणं बहुतेक ठिकाणी बेकायदाही असतं.

पायरी ५: गळती तपासा

पंप शेवटी असल्याने कुठेही फट राहिली तर धूर बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत शिरते. ते दिसत नाही, ऐकूही येत नाही, आणि गाळणी फारच छान चालते असं वाटू लागतं. इंजिन बंद असताना पहिल्या नळीचं तोंड अंगठ्याने बंद करा आणि पंप चालू करा. फ्लो मीटरचा काटा शून्यावर आला पाहिजे. आला नाही तर एकेक सांधा चिमटीत दाबत शोधा. बहुतेक वेळा गुन्हेगार पाइपाचं झाकण असतं.

पायरी ६: मोजमाप

इंजिन दहा-पंधरा मिनिटं गरम होऊ द्या. थंड इंजिनाचा धूर मिनिटामिनिटाला बदलतो. मग एकाच वेगावर तीन मांडण्या चालवा: पाइप रिकामे ठेवून, फक्त तंतू भरून, आणि सगळे थर भरून. प्रत्येक मांडणी दहा मिनिटं, प्रत्येकी तीनदा, दर वेळी नवा कागद.

रिकाम्या पाइपांची फेरी कंटाळवाणी वाटते, पण ती गाळू नका. उष्ण धूर थंड भिंतीजवळून जाताना काजळी भिंतीकडे ढकलली जाते आणि वेटोळ्यातच बरीच चिकटून राहते. बाटलीतलं पाणीही काही वायू घेऊन बसतं. हे श्रेय कोळशाला देता येणार नाही. दर फेरीनंतर वेटोळं धुऊन वाळवा.

कागदांचं वजन करायला जाऊ नका. दहा मिनिटांत ६० लिटर वायू जातो. त्यात घनमीटरला २० मिलिग्रॅम काजळी असली तरी कागदावर १.२ मिलिग्रॅम बसेल, आणि कागद हवेतला ओलावाच त्याहून जास्त घेतो. त्याऐवजी सगळे कागद एका ओळीत मांडून एकाच उजेडात फोटो काढा आणि काळेपणाची तुलना करा. कोळशाचं वाढलेलं वजनही असंच फसवतं. ‘गाळणीने इतके ग्रॅम प्रदूषण पकडलं’ असं वाचलं की ते वजन वाळवून घेतलं होतं का, हे आधी विचारा. बहुधा त्यात पाणीच जास्त असतं.

वायू तपासणारं यंत्र मिळालं तर एक पडताळणी जरूर करा. कार्बन मोनॉक्साइडच्या आकड्याला १५ ने गुणा आणि कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डायऑक्साइड यांच्या बेरजेने भागा. येईल तो मिसळलेल्या हवेचा परिणाम वगळलेला, दुरुस्त आकडा. समजा रिकाम्या पाइपांना ३ आणि १२ टक्के आले, तर दुरुस्त आकडा ३. थर भरल्यावर २ आणि ८ आले, तर पाहणाऱ्याला एक तृतीयांश घट दिसते, पण दुरुस्त आकडा पुन्हा ३ येतो. काहीही अडलेलं नाही, फक्त हवा मिसळली आहे. त्याच वेळी प्राणवायूचा आकडा वर गेलेला दिसेल. चुन्याचा थर असेल तर तो स्वतःच कार्बन डायऑक्साइड घटवतो, म्हणून ही पडताळणी त्याच्याशिवाय करा.

गरम बाजूला काही लावायचंच असेल तर

वेटोळ्याच्या आधी, जिथे धूर अजून गरम असतो, तिथे मातीच चालेल. वजनाने चार भाग चाळलेली चिकणमाती आणि एक भाग बारीक तूस किंवा लाकडाचा भुसा मळून ५० मिलिमीटर व्यासाच्या, १० मिलिमीटर जाडीच्या चकत्या थापा. सावलीत आठवडाभर वाळवा. भट्टीत आधी ११० अंशांवर ओल जाऊ द्या, ६०० वर तासभर थांबा म्हणजे भुसा जळून छिद्रं राहतील, मग ८५० ते ९०० पर्यंत न्या. एक चकती मोडून पाहा, गाभा काळा दिसला तर भुसा पुरता जळलेला नाही. चकती ओठांशी धरून फुंकली की जोर लावून का होईना, हवा पलीकडे जायला हवी. काजळीने काळी पडलेली चकती पुन्हा ६०० अंशांवर तासभर ठेवली की काजळी जळून ती तांबडी होते, आणि हे काथ्या-कापसाला कधीच जमत नाही.

तुसाची राख वेगळी वापरायची असेल तर ती ७०० अंशांच्या खाली जाळलेली असावी. त्यावरच्या तापमानाला तिच्यातली सिलिका स्फटिकरूप होऊ लागते आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. राख हाताळताना मास्क लावाच.

वापरून झाल्यावर

थर काढले की लगेच झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घाला आणि डबा चोवीस तास उघड्यावर, इतर वस्तूंपासून दूर ठेवा. वरून गार वाटणारा कापूस आतून धुमसत असू शकतो. वापरलेला कोळसा शेगडीत जाळू नका, धरलेलं सगळं पुन्हा हवेत जाईल. खतात किंवा कुंडीतही टाकू नका, त्यात बेंझिन आणि काजळीतली कर्करोगकारक संयुगं आहेत. डबा बंद करून त्यावर आत काय आहे ते लिहा आणि घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्या.